पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कमी खर्चात मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन हे कॅरिबियनमधलं व्यापारउदिमाचं शहर आहे. इथली हॉटेलं पर्यटकांपेक्षा कामासाठी येणाऱ्या लोकांवर चालतात, त्यामुळे एकदम स्वस्त खोल्या फारशा नाहीत. तरीही गेस्ट हाऊस आणि छोट्या हॉटेलांत नीट राहता येतं, मात्र भाड्याच्या आकड्याआधी खोलीची जागा बघावी लागते. खोली निवडताना, पैसे भरताना आणि तिथे पोचल्यावर पडणारे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

कमी बजेटची खोली म्हणजे साधारण किती?

स्वच्छ गेस्ट हाऊसमध्ये एसी आणि स्वतंत्र बाथरूम असलेली खोली रात्रीला साधारण ६० ते १०० अमेरिकन डॉलरला मिळते. त्याहून स्वस्त खोली दिसली की तीन गोष्टी तपासा: बाथरूम सामाईक आहे का, एसी आहे की नुसता पंखा, आणि जागा नेमकी कुठे आहे. बहुतेक वेळा भाडं कमी असण्याचं कारण या तिसऱ्या प्रश्नातच सापडतं.

जाहिरातीत ७० डॉलर होते, बिल ८४ चं कसं आलं?

खोलीच्या भाड्यावर १० टक्के रूम टॅक्स लागतो, आणि बरीच हॉटेलं वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावतात. ७० वर ७ आणि ७, झाले ८४. चार रात्रींत हा फरक ५६ डॉलरचा होतो. बुकिंग करताना ‘कर आणि सर्व्हिस चार्ज धरून एकूण किती?’ असं लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. रेस्टॉरंटच्या बिलावर मात्र १२.५ टक्के व्हॅट असतो, त्यावर काही ठिकाणी सर्व्हिस चार्ज. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

कुठल्या भागात खोली घ्यावी?

पहिल्यांदा जात असाल तर वुडब्रुक. एरियापिटा अॅव्हेन्यू आणि ट्रॅगरेट रोड हे दोन समांतर रस्ते आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या, एवढा हा टापू. खाण्याची दुकानं, सुपरमार्केट, औषधांचं दुकान पायी गाठता येतं आणि डाउनटाउनकडे जाणाऱ्या शेअर टॅक्स्या दारावरून जातात. क्वीन्स पार्क ओव्हल हे मैदान ट्रॅगरेट रोडलाच लागून आहे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथेच. दिलीप सरदेसाईंचं ११२ आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांची दोन अर्धशतकं त्याच सामन्यातली. मराठी माणसाने वुडब्रुकमध्ये उतरून ओव्हलच्या फाटकापर्यंत चालत जाऊन येऊ नये, हे आम्हाला पटत नाही. सामना असेल त्या दिवशी मात्र आजूबाजूच्या रस्त्यांवर गाड्यांची गर्दी होते आणि खोल्यांचे भावही वाढलेले असतात.

दुसरा पर्याय सेंट जेम्स. इथे गल्ल्यांची नावं कलकत्ता, दिल्ली, पाटणा अशी आहेत आणि वेस्टर्न मेन रोडवर रात्री उशिरापर्यंत खायला मिळतं. खोल्या वुडब्रुकपेक्षा थोड्या स्वस्त पडतात, पण आवाज जास्त.

सेंट अॅन्स आणि कॅस्केड हे चढावरचे, झाडीतले शांत भाग. फोटो बघून मोह होतो आणि भाडंही बरं असतं. पण अंधार पडल्यावर तिथे शेअर टॅक्सी क्वचित मिळते. रोज रात्री खासगी टॅक्सी करावी लागली की भाड्यात वाचलेले पैसे दोन दिवसांत संपतात.

डाउनटाउन, म्हणजे इंडिपेंडन्स स्क्वेअरच्या आसपास, दिवसा गजबजलेलं असतं. दुकानं बंद झाली की रस्ते ओस पडतात. बसस्थानक जवळ आहे एवढ्यासाठी तिथे मुक्काम करू नका. शहराच्या पूर्वेकडचे लॅव्हेंटिल, बीथम आणि सी लॉट्स हे भाग पूर्ण टाळा. नकाशावर ‘केंद्रापासून २ किलोमीटर’ असं लिहिलेलं असतं, पण ते २ किलोमीटर कुठल्या दिशेला आहेत ते आधी बघा.

कधी जावं? कार्निव्हलच्या वेळी स्वस्तात राहता येईल का?

जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पावसाळा. कोकणातल्यासारखी संततधार नसते. दुपारी जोराची सर येते आणि तासाभरात ऊन पडतं, त्यामुळे पावसाळ्यातही फिरता येतं. बेट बरंच दक्षिणेला असल्याने चक्रीवादळं बहुतेक वेळा उत्तरेकडून निघून जातात.

कार्निव्हल अॅश वेन्स्डेच्या, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिश्चन उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो. २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारीला. त्या आठवड्यात भाडी दुप्पट-तिप्पट होतात, अनेक ठिकाणी किमान पाच-सहा रात्रींची अट असते आणि आगाऊ भरलेली रक्कम परत मिळत नाही. त्या सोमवार-मंगळवारी अधिकृत सुट्टी नसते, तरी सगळं बंद असतं, त्यामुळे रोख पैसे आणि खाण्याचं सामान शनिवारीच आणून ठेवा. जानेवारीपासूनच पॅनयार्डांत, म्हणजे स्टीलपॅन वाजवणाऱ्यांच्या अंगणांत, रात्री उशिरापर्यंत तालीम चालते आणि वुडब्रुकमध्ये अशी अंगणं आहेत. झोप सावध असेल तर ‘जवळ पॅनयार्ड किंवा बार आहे का? मागच्या बाजूची खोली मिळेल का?’ एवढं विचारून घ्या. ज्यांना ही वाद्यं ऐकायची आहेत त्यांच्यासाठी मात्र हेच महिने सोन्यासारखे, कारण तालीम अगदी जवळ उभं राहून ऐकता येते.

व्हिसा आणि लस?

भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. इमिग्रेशनला परतीचं तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता विचारतात, म्हणून हॉटेलचं नाव, रस्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. फोनची बॅटरी अशाच वेळी संपते. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते यलो फीव्हरच्या लशीवर. त्रिनिदादमध्ये शिरताना भारतातून आलेल्या माणसाकडे हा दाखला मागत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतो. म्हणून निघण्याच्या निदान महिनाभर आधी केंद्राची तारीख घ्या. एकदा घेतलेला दाखला आयुष्यभर चालतो.

विमान रात्री उशिरा उतरतं. काय काळजी घ्यावी?

छोट्या गेस्ट हाऊसमध्ये रात्रभर माणूस बसलेला नसतो. लोखंडी फाटक बंद, वर बेल, आणि आत मालक झोपलेले. निघण्याच्या दोन दिवस आधी व्हॉट्सअॅपवर विमानाचा क्रमांक आणि उतरण्याची वेळ कळवा आणि ‘फाटक कोण उघडेल, त्यांचा नंबर काय?’ ते विचारा. उत्तर आलं नाही तर पहिली रात्र दुसरीकडे काढा.

पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला साधारण २५ किलोमीटरवर आहे. विमानतळाच्या अधिकृत टॅक्सीला शहरापर्यंत ३० ते ४० अमेरिकन डॉलर पडतात. गाडीत बसण्याआधी भाडं ठरवा, आणि अमेरिकन डॉलर की त्रिनिदादचे डॉलर तेही स्पष्ट करा, कारण दोन्हींना लोक नुसतं ‘डॉलर’ म्हणतात. सरकारी बस सिटी गेट या स्थानकापर्यंत जाते आणि फार स्वस्त आहे, पण तिकीट बसमध्ये मिळत नाही, आधी काढावं लागतं. दिवसा आणि थोडं सामान असेल तरच बसच्या वाटेला जा. गेस्ट हाऊसवाल्यांची ओळखीची टॅक्सी असते, रात्रीसाठी तीच उत्तम.

खोलीत शिरल्यावर आधी काय तपासावं?

बॅग उघडण्याआधी दहा मिनिटं द्या. एकदा सामान पसरलं की खोली बदलून मागायचा कंटाळा येतो.

नळ आणि शॉवर पूर्ण सोडून बघा. एसी १८ वर लावा आणि पाच मिनिटांनी हात धरा. कुबट वास येत असेल तर फिल्टर ओला आणि बुरशीचा आहे, खोली बदलून मागा. गादीची चादर कोपऱ्यातून वर करून शिवणीवर मोबाइलचा उजेड पाडा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण. खिडक्यांना काचेच्या आडव्या झडपा असतात, त्या पूर्ण मिटतात का आणि जाळी फाटलेली नाही ना ते बघा, कारण इथे डेंग्यू आहे. चटकन विझणारी मच्छर कॉइल घेण्यापेक्षा अंगाला लावायचं मलम आणा.

आणि शेवटचं, जे बहुतेक लोक विसरतात: खिडकीच्या गजांची किल्ली. चोरांच्या भीतीने इथे जवळजवळ प्रत्येक खिडकीला आणि बाल्कनीला लोखंडी जाळी असते. आग लागली आणि दरवाजा अडला, तर बाहेर पडायला त्यातलीच एखादी जाळी उघडावी लागते. ती कुठली, तिची किल्ली कुठे टांगलेली आहे, हे पहिल्याच संध्याकाळी विचारा आणि एकदा कुलूप उघडून बघा. समुद्राच्या हवेने कुलपं गंजलेली असतात.

पाण्याची अडचण असते का?

असते, विशेषतः मार्च ते मे. शहराचा पाणीपुरवठा अनेक भागांत वेळापत्रकाने होतो, म्हणून घराघरांवर काळ्या टाक्या दिसतात. बुकिंगआधी दोन प्रश्न विचारा: टाकी आहे का, आणि टाकीतून पाणी पंपाने येतं की उतारानेच. टाकी जमिनीवर आणि पंप विजेवर असेल तर वीज गेली की पाणीही जातं. टाकी छतावर असेल तर धार बारीक येते, पण येते. नळाचं पाणी शुद्ध केलेलं असतं, तरी ते टाकीत किती दिवस साठलं होतं हे कळत नाही. पिण्यासाठी उकळा किंवा सुपरमार्केटमधून ५ लिटरचा कॅन घ्या. छोट्या बाटल्यांपेक्षा तो बराच स्वस्त पडतो.

शॉवरचं पाणी कधी गरम, कधी एकदम गार का होतं?

स्वस्त खोल्यांत शॉवरच्या तोंडालाच विजेचा छोटा हीटर बसवलेला असतो. त्याची ताकद ठरलेली असते. धार मोठी केली की तेवढ्याच उष्णतेत जास्त पाणी जातं, म्हणून ते कोमट होतं. धार कमी करत नेली की गरम होत जातं. पण फारच कमी केली तर आतला स्विच बंद पडतो आणि पाणी एकदम गार येतं. धार अर्धी ठेवून मग किंचित कमी-जास्त करा. हीटरच्या डब्याला ओल्या हाताने हात लावू नका, तापमानाची कळ नळ सोडण्याआधीच फिरवा.

संडासात जेट नसतो. प्लॅस्टिकचा मग किंवा दाबायची बाटली घरूनच न्या.

आपले चार्जर आणि किटली तिथे चालतात का?

वीज ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि प्लग अमेरिकेसारखा दोन चपट्या पट्ट्यांचा. आपल्या गोल पिना बसत नाहीत, अडॅप्टर लागतोच. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरे.

किटली आणि पाण्यात बुडवायची रॉड मात्र नेऊ नका. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता पाव होते. २३० व्होल्टची १००० वॅटची किटली तिथे जेमतेम २५० वॅट देते, म्हणजे एक लिटर पाणी उकळायला पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटांहून जास्त. चहासाठी हॉटेलकडेच किटली मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

पैसे कसे न्यावेत?

चलन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात मिळतात. शेअर टॅक्सी, डबल्सवाला (डबल्स म्हणजे इथला छोल्यांचा नाश्ता), नारळवाला सगळे रोखच घेतात आणि १०० ची नोट मोडून मिळत नाही. बँकेतून पैसे काढले की सुपरमार्केटमध्ये पाणी घेऊन सुटे करा. परत येताना उरलेलं स्थानिक चलन बदलणं कटकटीचं आहे, म्हणून दोन-दोन दिवसांपुरतंच काढा.

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डावर ‘आंतरराष्ट्रीय वापर’ सुरू करा. भारतीय कार्डांवर तो आधी बंद असतो आणि रिसेप्शनवर कार्ड नाकारलं जाण्याचं हे पहिलं कारण. यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ विचारलं तर स्थानिक चलन निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग असतो. डिपॉझिट म्हणून अडवलेली रक्कम क्रेडिट कार्डावर घेऊ द्या. डेबिट कार्डावर घेतली तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

या बाबतीत हे शहर कॅरिबियनमध्ये सगळ्यात सोयीचं. १८४५ पासून भारतातून मजूर म्हणून आलेल्या लोकांची पाचवी-सहावी पिढी इथे आहे आणि त्यांचं जेवण आता सगळ्या त्रिनिदादचं जेवण झालंय.

सकाळी डबल्स खा. हळद घातलेले, तळलेले दोन मऊ ‘बारा’, वर पातळ छोले, काकडी, चिंचेची चटणी आणि कैरीचं ‘कुचेला’. पातळ कागदात गुंडाळून हातात देतात. उभ्यानेच खायचं: वरचा बारा फाडून त्यानेच छोले उचलायचे. किंमत साधारण ५ ते ८ त्रिनिदाद डॉलर, दोन खाल्ले की दुपारपर्यंत भूक लागत नाही. तिखटासाठी ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडं, म्हणा. कोल्हापुरी तिखट पचवणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च म्हणावं, कारण इथली मिरची वेगळ्या जातीची आणि फार जहाल आहे.

दुपारी रोटीचं दुकान गाठा. ‘दालपुरी’त वाटलेली डाळ भरलेली असते. ‘बस-अप-शट’ म्हणजे तव्यावरच कुटून सोडवलेला पराठा. सोबत भोपळा, बटाटा-छोले, भाजी आणि बोडी, म्हणजे चवळीच्या शेंगांसारख्या लांब शेंगा. ‘सादा रोटी’ आणि वांग्याचा ‘चोखा’ सकाळी मिळतो. चोखा म्हणजे आपलं भरीतच.

फसगत होते ती इथे: ‘कॅलालू’ पालेभाजीसारखं दिसतं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. रोटीच्या दुकानात मटणाचा आणि भोपळ्याचा डाव कधी कधी एकच असतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर काही जण मासे धरतात, म्हणून ‘नो मीट, नो फिश, नो एग’ असं सुटं सुटं सांगा. ‘आयटल’ अशी पाटी दिसली तर ते रास्ताफारी पंथाच्या लोकांचं, मांस नसलेलं जेवण.

हॉटेलच्या नाश्त्यात सहसा अंडी, खारा मासा आणि ‘बेक’ नावाची तळलेली रोटी असते. शाकाहारी असाल तर नाश्त्याशिवायचा दर मागा आणि ते पैसे डबल्सवर खर्च करा.

शहरात फिरायला काय वापरावं?

शेअर टॅक्सी साध्या मोटारीसारखीच दिसते. ओळखायची ती नंबर प्लेटवरून: ‘एच’ने सुरू होत असेल तर परवान्याची टॅक्सी. ‘पी’ म्हणजे खासगी गाडी. ‘पी’ची गाडी थांबून ‘कुठे जायचंय?’ विचारत असेल तरी बसू नका. ठरलेल्या मार्गावर साधारण ५ ते १० त्रिनिदाद डॉलर पडतात. चढताना ‘एरियापिटा?’ किंवा ‘सेंट जेम्स?’ असं विचारायचं. दारासमोर सोडून मागितलं तर जास्त पैसे पडतात.

मॅक्सी टॅक्सी म्हणजे रंगीत पट्ट्याची छोटी बस. पिवळा पट्टा शहर आणि पश्चिमेकडचा, लाल पूर्वेकडचा, हिरवा चग्वानास आणि सॅन फर्नांडो या दक्षिणेकडच्या शहरांचा. लाल आणि हिरव्या पट्ट्यांचं मूळ ठिकाण सिटी गेट. उतरायचं असेल तेव्हा घंटीचं बटण दाबा. अंधार पडल्यावर टीटी राइडशेअर हे स्थानिक अॅप किंवा हॉटेलच्या ओळखीची टॅक्सी घ्या. टोबॅगो या शेजारच्या बेटावर दोन दिवस जाणार असाल तर मोठी बॅग गेस्ट हाऊसमध्ये ठेवा. बोटीचं तिकीट साधारण ५० त्रिनिदाद डॉलर आहे आणि प्रवास चारेक तासांचा.

सुरक्षिततेसाठी आणखी काही?

संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या कडेने लोक चालतात, तिथे नारळपाणीही मिळतं. गर्दी आहे तोवर थांबा, मैदानाच्या मधून अंधारात जाऊ नका. गळ्यातली चेन आणि मंगळसूत्र खोलीतच राहू द्या. पासपोर्टची प्रत जवळ ठेवा, मूळ पासपोर्ट कुलपात.

लष्करी छाप्याचे कपडे, टोपी, बॅग काहीही नेऊ नका, लहान मुलांचेसुद्धा. सामान्य माणसाने ते वापरणं इथे कायद्याने गुन्हा आहे आणि कस्टममध्ये ते जप्त होतात.

पोलिस ९९९, अग्निशमन ९९०, रुग्णवाहिका ८११. भारताचं हाय कमिशन याच शहरात आहे, त्याचा नंबर निघण्याआधी फोनमध्ये घाला.

घरी फोन कधी करावा?

भारत साडेनऊ तास पुढे. तिथे सकाळी ८ वाजता केलेला फोन पुण्यात संध्याकाळी साडेपाचला वाजतो. तिथे रात्री ८ ला केलात तर इथे पहाटेचे साडेपाच, घरचे दचकून उठतील. डिजिसेल आणि बीमोबाइल या दोन कंपन्यांची सिमकार्डं मिळतात, घ्यायला पासपोर्ट लागतो.